तहान पानांना लागते

जूनमध्ये दोन-चार दमदार सरी झाल्या, की पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दरडींना हिरवी झालर फुटते. काळ्या, चकचकीत देठांवर अर्धवर्तुळाकार नाजूक पानं. हा हंसराज, म्हणजेच ॲडिॲन्टम. याच्या पानाचं लांबलेलं टोक जमिनीला टेकलं की तिथे नवं रोप रुजतं, म्हणून इंग्रजीत त्याला चालणारं नेचं (फर्न) म्हणतात. पाऊस सरला, की ही झालर वाळून नाहीशी होते. हंसराज मात्र मेलेला नसतो. त्याचं खोड फटीतल्या मातीत पुढच्या जूनची वाट पाहत असतं.

त्याच दिवसांत नर्सरीतून घेतलेल्या बोस्टन फर्नची टोपली बाल्कनीत डौलानं झुलत असते. फेब्रुवारी-मार्च येतो, पानांची टोकं तपकिरी होतात आणि घरातले म्हणतात, पाणी कमी पडलं. मग दिवसातून दोनदा पाणी. त्यानं मुळं कुजतात आणि उरलंसुरलं फर्नही जातं. गडबड होते ती इथेच. फर्नला तहान लागते ती पानांना.

याचं कारण नेच्यांच्या रचनेत आहे. सपुष्प वनस्पतींच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद, सलग नळ्या असतात. बहुतेक नेच्यांमध्ये मात्र पाणी अरुंद, टोकं बंद असलेल्या पेशींमधून झिरपत वर चढतं. हवा कोरडी झाली, की पातळ पानातून जितकं पाणी उडतं तितकं खालून वेळेत पोहोचत नाही. माती ओली असतानाही पान वाळतं. पनवेलच्या हवेत हे डिसेंबर ते मार्चमध्ये घडतं, कारण तेव्हा जमिनीवरून कोरडे वारे येतात. मेमध्ये उकाडा असला तरी खाडीकडून येणारी हवा दमट असते. त्यामुळे फर्नसाठी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्याची दुपार अधिक कठीण. त्यात एसी लावला, तर खोलीतली हवा बाराही महिने कोरडी.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे पानांवर फवारा. त्याचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवा, एसी आणि पंख्याच्या झोतातून बाजूला घ्या, आणि ज्या मोरीला किंवा न्हाणीघराला उजेडाची खिडकी आहे तिथे हंसराजाला जागा द्या. माती बोटाला दमट लागेल इतकीच ओली हवी. टँकरचं किंवा बोअरचं पाणी खारट असेल, तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो आणि पानांच्या कडा जळतात. अशा वेळी साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

दुसरा गैरसमज सावलीचा. सावली म्हणजे अंधार नव्हे. आज दिसणाऱ्या बहुतेक नेच्यांच्या प्रजाती फुलझाडांची अरण्यं पसरल्यानंतर, त्यांच्या छायेत विकसित झाल्या. झाडांखाली झिरपणाऱ्या मंद उजेडाचा माग काढायला अनेक नेच्यांकडे निओक्रोम नावाचं प्रथिन आहे. ते लाल आणि निळा, दोन्ही प्रकाश ओळखतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याचं जनुक नेच्यांना वारशानं मिळालेलं नाही. ते हॉर्नवर्ट या शेवाळासारख्या वनस्पतींच्या गटाकडून आलेलं आहे. म्हणजे सावलीत जगण्याचं हे साधन नेच्यांनी चक्क उसनं घेतलं! मात्र ते मंद प्रकाशाचा उपयोग करण्यासाठी आहे, प्रकाशच नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र सहज वाचता येईल, इतका उजेड हवाच.

म्हणूनच फर्नसाठी उत्तरेची बाल्कनी सुचवली जाते, पण पनवेलमध्ये ती मेमध्ये दगा देते. इथे मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, आपण तो शून्य सावलीचा दिवस म्हणून पाहतो. त्याच्या आधीपासूनच सकाळी आणि दुपारनंतर तिरपं ऊन उत्तरेकडून आत येऊ लागतं. एप्रिलच्या अखेरीस कुंडी भिंतीच्या बाजूला सरकवावी किंवा हिरवी शेडनेट बांधावी. पावसाळी ढग भरून आले, की पुन्हा पुढे.

कुंडीतल्या मिश्रणाचा धडा कोकणातल्या आंब्या-फणसाच्या फांद्या देतात. तिथे राहणारं बाशिंग हे नेचं तपकिरी, कडक पानांच्या बुडात पालापाचोळा साठवतं आणि त्यातच मुळं पसरवतं. बर्ड्स नेस्ट फर्नही असंच झाडावर वाढणारं. या मुळांना ओल लागते तितकीच हवाही लागते. माती, पालापाचोळ्याचं खत आणि धुतलेलं कोकोपीट समभाग घ्यावं, त्यात विटेचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे मिसळावेत. द्रवखत पातळ करून फक्त वाढीच्या काळात. बोस्टन फर्नचे गड्डे वेगळे करायचे असतील, तर पावसाळ्याची सुरुवात योग्य. कुंडीतला हंसराज हिवाळ्यात वाळला, तर फेकू नका. सुकी पानं कापून माती किंचित दमट ठेवा. आणि ‘ॲस्परॅगस फर्न’ या नावानं विकलं जाणारं झाड नेचं नव्हेच. ते शतावरीच्या कुळातलं, फुलं-फळं धरणारं. जाड मुळांत पाणी साठवत असल्यानं त्याला कोरडेपणाही सोसतो.

पानामागे तपकिरी ठिपके दिसले, की अनेक जण औषध फवारतात. आधी नीट पाहा. ठिपके रांगेत किंवा शिरांलगत समान अंतरावर असतील, तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. देठांवर वेडेवाकडे, चिकट आणि नखानं निघणारे असतील, तर ती खवले कीड.

या बीजाणूंतून थेट नेचं उगवत नाही. आधी नखाएवढी, हृदयाच्या आकाराची हिरवी पापडी तयार होते. तिच्यावरच्या नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात, तेव्हा कुठे नेच्याचा जन्म होतो. १८२९ च्या सुमारास लंडनमधल्या डॉ. नाथानिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला होता. त्या मातीत नेचं उगवलं. लंडनच्या धुरकट हवेत त्यांना जे जमत नव्हतं, ते बंद बाटलीतल्या दमट हवेनं केलं. यातून निघालेल्या काचपेट्यांमधूनच पुढे चीनमधली चहाची रोपं समुद्रमार्गे भारतात आली.

हा प्रयोग घरीही जमतो. पिकलेल्या ठिपक्यांचं पान कागदात गुंडाळून ठेवावं, एक-दोन दिवसांत तपकिरी भुकटी पडते. उकळत्या पाण्यानं निर्जंतुक केलेल्या, थंड झालेल्या कोकोपीटवर ती भुरभुरावी आणि पारदर्शक झाकणाचा डबा उजेडात, उन्हाबाहेर ठेवावा. काही आठवड्यांनी हिरवा थर दिसतो, रोपं हाताळण्याजोगी व्हायला काही महिने लागतात. घाई म्हणून कर्नाळा अभयारण्यातून रोप उपटून आणणं तर कायद्यानंच निषिद्ध आहे. शिवाय दरडीवरून ओढलेल्या हंसराजाचं खोड फटीतच तुटतं आणि हाती येतात ती आठवड्यात वाळणारी पानं. घरच्या डब्यात उगवलेलं रोप मात्र पहिल्या पानापासून तुमच्या खिडकीच्या हवेत वाढलेलं असतं.