विरजणाचा पारा खरा किती?

धसईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावात पौषातल्या थंडीत रात्री विरजण लावलं, तर सकाळी भांड्यात नुसतं दूधच सापडतं. दह्याच्या जिवाणूंना ४० ते ४३ अंशांची ऊब लागते. म्हणून आता काही जण जुन्या खोक्यात बल्ब लावून त्याला तापमान कंट्रोलर जोडतात. पण पडद्यावरचा आकडा खरा कशावरून?

सेन्सरच्या टोकाशी थर्मिस्टर असतो. तापलं की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यावरून कंट्रोलर तापमान काढतो. स्वस्त सेन्सरमध्ये एक-दोन अंशांची चूक सहज निघते. ती शोधायला बर्फाचा चुरा घ्या, तो जेमतेम बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा. सेन्सर मधोमध धरा, तळाला टेकू देऊ नका. पाच मिनिटांनी शून्य दिसायला हवं. १.३ दिसलं, तर दुरुस्तीच्या खान्यात उणे १.३ भरा.

उकळत्या पाण्यावर मात्र विसंबू नका. साधारण ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरला तो ९६ च्याही खाली येतो. शिवाय आपल्याला हवी ती चाळिशीतली अचूकता. त्यासाठी ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात सेन्सर आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर शेजारी धरून आकडे ताडून पाहा.

सेन्सर खोक्यात लोंबकळत ठेवू नका, भांड्याला चिकटवा. हवा लवकर तापते, दूध सावकाश. दर हिवाळ्याआधी बर्फाची ही चाचणी एकदा कराच.