बार जड की हलका?

'कॉल ऑफ द व्हॅली' (1967) या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरांच्या गिटारची मींड ऐका. इथे तार पट्टीवर दाबायची नसते; डाव्या हातातला पोलादी बार तिच्यावर नुसता टेकवून सरकवायचा. हलका बार तारेबरोबर थरथरतो आणि तिची ऊर्जा खातो. जड बार सहसा हलत नाही, म्हणून सूर लांबतो. विचित्र वीणेवरचा काचेचा गोळा पोलादापेक्षा हलका, त्याचा नादही मऊ. अतिजड बारने मात्र द्रुत तानेत मनगट भरून येतं! नवशिक्याने मधलं वजन, बाजूला खाच असलेला, सगळ्या तारा झाकणारा बार घ्यावा. दिल्लीकरांनी कॅनॉट प्लेसच्या वाद्यांच्या दुकानांत जाऊन बारवर नख फिरवावं. ओरखडा लागला तर तो घेऊ नये, तारेवर खरखरेल.