हे खरे आहे काय?

विधिमंडळाचे अधिवेशन भरले की वर्तमानपत्रांचे रकाने भाषणांनी, घोषणांनी आणि सभात्यागांनी भरून जातात. वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, आमदाराचे काम म्हणजे भाषण करणे. आडवळणाच्या एखाद्या तालुक्यातील कालवा, रस्ता किंवा दवाखाना यांच्या दृष्टीने पाहिले, तर मात्र विधिमंडळातील सर्वांत मोलाचा तास हा बहुधा सर्वांत कमी गाजलेला तास असतो. तो म्हणजे प्रश्नोत्तरांचा तास. भाषणाला मंत्र्याने भाषणाने उत्तर दिले तरी चालते; प्रश्नाला मात्र उत्तरच द्यावे लागते. शिवाय ते छापले जाते आणि पुढच्या वर्षी, पुढच्या मंत्र्यासमोर पुन्हा ठेवता येते. हे साधन आपल्या हाती कसे आले, ते चालते कसे, आणि मागे राहिलेल्या प्रदेशांना त्याचा उपयोग कितपत होतो, एवढाच विचार आपण येथे करू.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदे कौन्सिल मिळाले. परंतु त्यातील सभासदाला समोर आलेल्या विधेयकापलीकडे तोंड उघडण्याची मुभा नव्हती. दुष्काळात अमुक तालुक्यात सारा तहकूब का केला नाही, हे विचारण्याची सोयच नव्हती. प्रश्न विचारण्याचा हक्क आला तो १८९२ च्या कायद्याने. या कायद्याखाली लोकमान्य टिळक १८९५ साली आणि गोपाळ कृष्ण गोखले १८९९ साली मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले. पण तो हक्क अर्धाच होता. सभासदाने प्रश्न लिहून द्यावा, सरकारने ठरलेले उत्तर वाचावे, आणि सभासदाने मुकाट्याने खाली बसावे! उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारण्याची परवानगी १९०९ च्या सुधारणांनी दिली. तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. सभागृहातील कोणत्याही सभासदाला उपप्रश्न विचारता येऊ लागला तो १९१९ च्या कायद्यानंतर. म्हणजे एका साध्या ‘का?’ पासून दुसऱ्या ‘का?’ पर्यंत पोचावयास आपल्याला सुमारे पंचवीस वर्षे लागली. हा हक्क कोणी सहजासहजी हाती ठेवलेला नाही, एवढे ध्यानात असावे.

आता प्रश्नाचे प्रकार पाहू. ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यावयाचे, त्यावर तारकेची खूण असते. म्हणून तो तारांकित प्रश्न. ज्याचे उत्तर लेखी मिळते तो अतारांकित. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो. दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते. नुकत्याच उद्भवलेल्या महत्त्वाच्या गोष्टीकडे मंत्र्याचे लक्ष वेधण्यासाठी लक्षवेधी सूचना असते. या सर्वांत तारांकित प्रश्नाचे महत्त्व विशेष, कारण त्याला उपप्रश्नांची जोड मिळते. छापील उत्तर खात्याने तयार केलेले असते. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर द्यावे लागते. खाते मंत्र्याच्या हाती आहे की मंत्री खात्याच्या हाती, याचा उलगडा तेथे होतो.

उपप्रश्नाचे बळ किती असते याचा एक दाखला संसदेतला आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोट रुपयांचे शेअर घेतल्याबद्दल १९५७ साली लोकसभेत प्रश्न निघाला. उत्तराने समाधान होईना, तेव्हा फिरोज गांधी यांनी तो विषय लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच सभासद होते, हे विशेष. पुढे न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे मुंबईत उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. आपल्याच पक्षाच्या मंत्र्याला प्रश्न विचारणे हा पक्षद्रोह नव्हे, हाही या प्रकरणाचा एक धडा आहे.

महाराष्ट्राच्या विधिमंडळातील प्रश्नाला एक ठरलेला साचा आहे. ‘अमुक ठिकाणी अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचेही साचे आहेत: ‘होय, हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. या शेवटच्या उत्तराला लोक हसतात. परंतु त्याचे तर्कशास्त्र समजून घेतले पाहिजे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले की पुढचे सारे भाग आपोआप कोसळतात. म्हणून प्रश्नाची सारी इमारत त्याच्या पहिल्या वाक्यावर उभी असते.

उदाहरणार्थ, एखाद्या सभासदाने विचारले, ‘विदर्भावर सिंचनाच्या बाबतीत अन्याय होत आहे, हे खरे आहे काय?’ मंत्री सांगणार, ‘हे खरे नाही.’ पुढे सारे काही ‘उद्भवत नाही’. ‘अन्याय’ हा शब्द मोजता येत नाही. म्हणून तो नाकारणे सोपे. त्याच सभासदाने गोसीखुर्द प्रकल्पाबद्दल असे विचारले असे समजा: ‘या प्रकल्पाला १९८३ साली ३७२ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती, भूमिपूजन १९८८ साली झाले, आणि पुढे सुधारित खर्च अठरा हजार कोटी रुपयांवर गेला, हे खरे आहे काय? असल्यास, नियोजित सुमारे अडीच लाख हेक्टरांपैकी भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत प्रत्येकी किती क्षेत्रास प्रत्यक्ष पाणी मिळाले? पुनर्वसनाची कोणत्या गावांची कामे अपुरी आहेत?’ येथे ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही, कारण सरकारी कागदच सभासदाच्या बाजूने साक्ष देतात. दोन्ही प्रश्नांमागची कळकळ एकच आहे. फरक इतकाच की, एका प्रश्नात आवाज मोठा आहे आणि दुसऱ्यात अभ्यास.

प्रदेशांच्या विषमतेच्या बाबतीत तर आकड्यांवाचून गत्यंतर नाही. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. संयुक्त राज्य झाल्यास निरनिराळ्या विभागांत लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा, मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावे, आणि दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला भरावे, असे त्यात ठरले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने विकास मंडळांची तरतूद ३७१ व्या अनुच्छेदात आली. मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा असेही त्यात आहे. नागपूरचे अधिवेशन १९६० पासून सुरू झाले. परंतु खर्च ठरल्या प्रमाणात झाला की नाही, हे कसे कळावे? मागास भागाचा सभासद म्हणे, आम्हांला कमी मिळाले. मंत्री म्हणे, भरपूर दिले. मोजण्याची काठीच नसल्यामुळे वाद मिटत नसे.

ती काठी मिळाली दांडेकर समितीमुळे. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. जिल्हा हा घटक धरावा, रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण वगैरे बाबींत राज्याची सरासरी काढावी, आणि जो जिल्हा सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष, अशी तिची रीत होती. एकूण अनुशेष निघाला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. या हिशेबाने दोन्ही बाजूंची गैरसोय केली. ‘अनुशेष नाहीच’ असे सरकारला म्हणता येईना. आणि उर्वरित महाराष्ट्र म्हणजे सारा संपन्न मुलूख, असे मागास भागांच्या कैवाऱ्यांनाही म्हणता येईना. समितीच्या रीतीवर टीका झाली, वादही झाले. पण ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून तक्रारीचा न राहता हिशेबाचा झाला. १९९४ साली तीन विकास मंडळे स्थापन झाली, आणि नव्या निर्देशांकांनी मोजले तेव्हा त्या वर्षाचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटी रुपये भरला. त्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळे नसतील तर त्यांचा अहवालही सभागृहापुढे येणार नाही. तेव्हा मोजमाप मागण्याचे काम उरते ते प्रश्न विचारणाऱ्या सभासदाकडेच.

प्रश्नाचे अर्धे काम सभागृहाबाहेर होते, हेही सांगितले पाहिजे. प्रश्नाची सूचना मंत्रालयात पोचली की खाते जिल्ह्याला विचारते, जिल्हा तालुक्याला विचारतो, आणि वर्षानुवर्षे कपाटात पडलेली फाईल एका दिवसात टेबलावर येते. कित्येकदा उत्तर देण्याची वेळ येण्यापूर्वीच थकलेली मजुरी वाटली जाते किंवा रिकाम्या दवाखान्यात डॉक्टर हजर होतो. सभागृहात तो प्रश्न पुकारला गेला नाही तरी त्याचे काम झालेले असते.

या साधनाला मर्यादा आहेत, त्या लपविण्याचे कारण नाही. तास एकच आणि प्रश्न असंख्य; यादीतील थोडेच तोंडी चर्चेला येतात. गोंधळ झाला तर तो तासही बुडतो. आणि त्याचे नुकसान सरकारला होत नाही, ज्याच्या गावचा प्रश्न यादीत होता त्या माणसाला होते. सप्टेंबर २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तासच ठेवला नव्हता. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी नागपूरचे हिवाळी अधिवेशन मुंबईतच भरले. अडचण खरी होती. परंतु अडचणीच्या काळात सरकारचे अधिकार वाढतात, आणि नेमक्या त्याच काळात विचारणे थांबते, ही गोष्ट लोकशाहीने सावधपणे पाहावी अशी आहे. मंत्र्याने दिलेल्या वचनाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. ‘तपासून पाहू’, ‘लवकरच निर्णय घेऊ’ असे मंत्री सभागृहात बोलला की त्याची नोंद होते. पण ती नोंद जागी ठेवणारा सभासद पाठीशी नसेल, तर वचनही जुन्या फायलींच्या रांगेत जाऊन बसते.

सभासद जागा राहावा, हे मात्र मतदाराच्या हाती आहे. आपण आमदाराला काय विचारतो? आमच्या गावी लग्नाला का आला नाहीत, बदलीचे पत्र दिले का, सभामंडपाला पैसे केव्हा देणार. मग तोही त्याच कामांत रमतो. त्याऐवजी, ‘गेल्या अधिवेशनात तुम्ही आमच्या तालुक्याबद्दल कोणता प्रश्न विचारलात, आणि उत्तर काय आले?’ असे दहा गावांनी विचारू लागावे. त्याबरोबर माहितीही पुरवावी. कालव्याचे पाणी कोणत्या तारखेला सुटले, शेवटच्या चारीपर्यंत पोचले की नाही, शाळेत शिक्षकांच्या जागा किती आणि भरलेल्या किती, ही माहिती मंत्रालयापेक्षा गावाला अधिक चांगली असते. २००५ साली झालेल्या माहिती अधिकाराच्या कायद्याने सरकारी कागद मागण्याचा मार्गही नागरिकाला खुला केला आहे. गावाने आकडा द्यावा, आमदाराने त्याचा प्रश्न करावा, मंत्र्याने उत्तर द्यावे, आणि ते उत्तर गावाने पुन्हा जमिनीवर ताडून पाहावे. हे चक्र पुरे फिरले तरच प्रातिनिधिक राज्य या शब्दाला अर्थ येतो.

‘हे खरे आहे काय?’ या वाक्यात मोठी नम्रता आहे, आणि तितकीच मोठी सत्ताही आहे. विचारणारा आरोप करीत नाही. तो फक्त राज्यकर्त्याला सत्याच्या समोर उभे करतो. जेथे माहिती घेऊन, नेमके आणि पुन्हा पुन्हा विचारले जाते, तेथे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर फार काळ टिकत नाही. जेथे कोणी विचारीतच नाही, तेथे मात्र ते उत्तर कोणी न लिहिताही खरे ठरते.