ॲल्डन पार्ट्रिज
ॲल्डन पार्ट्रिज (१७८५ - १८५४) हे अमेरिकी लष्करातील अभियंते, शिक्षक आणि व्हरमाँट राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अध्यापन केल्यावर ते तिचे अधीक्षक झाले. १८१७ मध्ये ते पद सिल्व्हेनस थेयर यांच्याकडे गेले, तरी पार्ट्रिज यांनी परत येऊन सूत्रे हाती घेतली. त्याबद्दल लष्करी खटला चालला व १८१८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. देशाचे रक्षण मुख्यतः शिक्षित नागरिक-सैनिकांनी करावे, या भूमिकेतून १८१९ मध्ये त्यांनी नॉर्विच या जन्मगावी खासगी अकादमी स्थापन केली. १८३३ पासून ते अनेकदा प्रतिनिधिगृहावर निवडून आले. १८३४ मध्ये राज्याने अकादमीला नॉर्विच विद्यापीठाची सनद दिली. अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांत मात्र ते पराभूत झाले. वेस्ट पॉइंटवर त्यांनी पुढेही कडाडून टीका केली. तिच्यात जुन्या अपमानाचा वाटा नसेलच असे म्हणवत नाही.