गडी साल सोडून जातो तेव्हा...

शेतकरी बंधूंनो, पाडवा जवळ आला की उजनीकाठच्या आपल्या गावांत सालगड्यांची बोलणी सुरू होतात. कोण कुणाकडे राहणार, साल किती, उचल किती, हे पारावर आणि चहाच्या टपरीवर ठरतं. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस आणि केळी उभी राहिली. कंदर, वाशिंबे, चिखलठाणच्या पट्ट्यात बारमाही काम आहे, म्हणून बारमाही माणूसही लागतो. पण साल धरताना जेवढी बोलणी होतात, तेवढी साल सोडण्याबद्दल होत नाहीत. भांडण तिथंच लागतं.

उचल म्हणजे दावं नव्हे

"माझे पैसे फेड, मगच पाय काढ," असं बरेच मालक सहज बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण पैसे फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे कामाला जाऊ न देणं ही कायद्याच्या भाषेत वेठबिगारी होते. वेठबिगारी पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि नीट ध्यानात घ्या, वेठबिगारी ठरली की ते कर्जच रद्द होतं. म्हणजे गडीही जातो आणि उचलही जाते.

याचा अर्थ उचल देणं गुन्हा आहे असा नाही. दिलेली उचल मजुरीतून कापता येते. मात्र सगळ्या कपाती मिळून त्या वेळच्या मजुरीच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. गडी मध्येच गेला तर बाकीसाठी दिवाणी दावा करता येतो. त्याची भांडी अडवणं, पोराबाळांना ठेवून घेणं, मोटारसायकल ओढून आणणं, हे करता येत नाही. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या आणि जलाशयात मासेमारीला आणलेल्या मजुरालाही हाच कायदा आहे.

हिशेब कसा करावा

समजा, साल 1,44,000 रुपये ठरलं. म्हणजे महिन्याला 12,000. पाडव्याला 60,000 उचल दिली. गड्यानं पाच महिने काम केलं तर उचल फिटली, कुणाचं कुणाकडं काही नाही. सहा महिने केलं तर 12,000 मालकाकडून येणं आहे. तीनच महिने केलं तर 24,000 गड्याकडं बाकी. एवढं सोपं आहे, पण वहीत लिहिलेलं नसलं की दोघांचे आकडे वेगळे निघतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे मजुरीचा हिशेब जास्तीत जास्त महिन्याचा धरायचा, वर्षाचा नाही. माणूस काम सोडून गेला की त्याची राहिलेली मजुरी कामाच्या दोन दिवसांत द्यायची. मजुरी मिळाली नाही म्हणून 3 वर्षांच्या आत अर्ज करता येतो. अन् "मी पैसे दिले" हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. शेतीवर पाचपर्यंत माणसं ठेवणाऱ्याला मोठी रजिस्टरं ठेवण्यातून सूट आहे. पण अधिकाऱ्यानं मागितलं तर मजुरी दिल्याचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणून दोनशे पानी वही घ्या, तारीख टाका, सही किंवा अंगठा घ्या. गड्याची कारभारीण खुरपायला येत असेल तर तिची मजुरी तिच्या नावानं वेगळी लिहा. जोडप्याला एकच मजुरी हे चालत नाही.

किती दिवस आधी सांगावं?

सालगड्यानं किती दिवस आधी सांगावं याचं वेगळं कलम नाही. ठरेल ते खरं. म्हणून पाडव्यालाच ठरवा: दोघांपैकी कुणालाही साल मोडायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं. गडी बंधूंनो, केळी निसवायला लागली असताना किंवा ऊस तुटायच्या आठवड्यात न सांगता जाणं बरं नव्हे. मालकाचं नुकसान होतं आणि तुमचं नाव जातं. मात्र कुठलंही कोर्ट कुणालाही जबरदस्तीनं कामावर पाठवत नाही.

"गडी कसा आहे?"

नवा मालक जुन्याला हा प्रश्न विचारतोच. कारखान्यातल्या कायम कामगाराला सेवेचा दाखला देण्याची तरतूद 1946 च्या कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत होती. सालगड्याचा दाखला म्हणजे जुन्या मालकाचा शब्द. रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य त्याची पुढची दोन सालं बुडवतं. तेव्हा जे पाहिलं तेवढंच सांगा. किती साल होता, कोणती कामं येतात, हिशेब पुरा झाला का. "याला कुणी ठेवू नका" असा निरोप गावोगाव धाडणं म्हणजे माणसाचं काम बंद पाडणं. हिशेब मिटला की तसं दोन ओळींत लिहून, सही करून त्याच्या हातात द्या.

सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी भाऊसाहेबांना विनंती, अशी तक्रार आली तर ती पारावर दडपू नका. वेठबिगारीचा संशय असेल तर तहसीलदार किंवा प्रांतांना कळवा. वेठबिगारीत सापडलेल्या माणसाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, हेही त्याला सांगा.

पाणी आलं, पिकं बदलली. आता सालाची रीतही थोडी बदलू. यंदा साल धरताना वहीच्या पहिल्या पानावर साल सोडायची अटही लिहा.