हुंडेकरी आणि आयातकर : बोरघाटातील जकातीपासून युरोपातील पत्त्यांच्या पार्सलापर्यंत

परमुलुखातून वस्तू आणवणाऱ्या ग्राहकास तिच्या मूळ किमतीखेरीज जी रक्कम मोजावी लागते, तिला व्यवहारात सरसकट ‘कर’ म्हटले जाते. ह्या एका शब्दात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. कायद्याने जो देय असतो तो कर ही पहिली गोष्ट. आणि तो कर वसूल करण्याच्या पद्धतीमुळे ग्राहकावर पडणारा वाढावा, म्हणजे दुबार आकारणी, मध्यस्थाचे शुल्क, चुकीचे मूल्यांकन आणि खोळंबा, ही दुसरी. पहिली रक्कम चुकवणे हा अपराध आहे. दुसरी रक्कम वाचवणे हे मात्र व्यवहारज्ञान आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

विवेचनासाठी दोन उदाहरणे घेतली आहेत. पहिले कर्जत व खालापूर ह्या तालुक्यांतून देशावर चढणाऱ्या घाटवाटांवरील जकातीचे. दुसरे आज युरोपात शिकणाऱ्या अनेक मराठी विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे, म्हणजे संग्रहासाठी विकत घेतल्या जाणाऱ्या चित्रमय पत्त्यांच्या पार्सलाचे. दोहोंत काळाचे व वस्तूंचे अंतर मोठे असले तरी प्रश्न एकच आहे, आणि जुन्या उदाहरणावरून नवे अधिक चांगले उमगते.

१. घाटवाटा आणि त्यांवरील माल

कर्जत व खालापूर हे आज रायगड जिल्ह्याचे अंतर्भागातील तालुके होत. कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे ‘रायगड’ असे नामांतर झाले. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेस पनवेल, कल्याण ही खाडीवरील बंदरे, अशा मधल्या पट्ट्यात हा प्रदेश येतो. खोपोलीहून खंडाळ्यास चढणारा बोरघाट ही येथील मुख्य वाट. कर्जतच्या बाजूने मावळात जाणारा कुसूर घाट ही दुसरी. बंदरांतून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि समुद्रमार्गे आलेला परदेशी माल वर जाई. देशावरून धान्य, गूळ, तूप, तेल खाली उतरे. वाहन म्हणजे बैलांचे तांडे. बोरघाट १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेण्याजोगा केला. तथापि गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला तो १८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकिर्दीत. तोवर व्यापाराचे माप म्हणजे बैलावरील गोणी हेच होते, आणि जकातीचे मापही तेच होते.

२. पेशवाईतील जकात

मराठी राज्यात व्यापारी मालावरील कराला जकात आणि कारागिरांच्या व दुकानदारांच्या धंद्यावरील कराला मोहतर्फा म्हणत. जकातीचे पोटप्रकार होते. माल जेथे भरला जाई तेथील आकार थळभरीत. जेथे उतरवून विकला जाई तेथील आकार थळमोड. ह्या दोहोंच्या दरम्यान वाटेवर जी जी ठाणी लागत तेथे वाटसरू मालावरही आकारणी होई. दर सामान्यतः ओझ्यावर, जिनसानुसार ठरलेला असे. कोणत्याही एका नाक्यावरील दर पाहिला तर तो असह्य वाटत नाही. अडचण दरात नव्हती, नाक्यांच्या संख्येत होती. मालधन्यास निघताना एकूण आकाराचा अंदाज करता येत नसे. आणि जो खर्च आधी कळत नाही तो व्यापारी किमतीत धरून चालतो, म्हणजेच तो अखेर ग्राहकाच्या माथी बसतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत वसुली इजाऱ्याने देण्याची पद्धत फैलावली, तेव्हा ह्या अनिश्चिततेत भर पडली. इजारदाराला आपल्या मुदतीत दिलेली रक्कम व्याजासह उगवायची असते. दुसरीकडे दस्तक मिळवलेल्या मालास माफी असे. साहजिकच ज्याची दरबारी ओळख त्याचे ओझे हलके, आणि दोन-चार बैलांवर मीठ नेणाऱ्याचे पुरे, अशी विषमता उत्पन्न होई.

३. हुंडेकरी

ह्या अडचणीवर व्यापाऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे हुंडेकरी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ह्या वर्गाची नोंद आहे. हुंडेकरी मालधन्याकडून एकच ठोक रक्कम, म्हणजे ‘हुंडा’, घेई आणि मुक्कामापर्यंतच्या सर्व जकाती भागवून माल पोहोचता करण्याचा पत्कर घेई. जकातीच्या अंमलदारांशी त्याचा कायमचा हिशेब असे आणि त्याने नेलेल्या मालाच्या जकातीबद्दल तोच त्यांना जबाबदार राही.

ह्या व्यवस्थेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. हुंडेकरी जकात बुडवत नसे. तो तीन गोष्टी करी : अनेक आकारण्यांची एक आकारणी करी, ती रक्कम निघण्यापूर्वी निश्चित करी, आणि सरकारपुढे उत्तर देणारा माणूस एकच ठेवी. व्यापाऱ्याची बचत ह्या तिहींतून होई. त्याबद्दल हुंडेकरी आपले मेहनताण्याचे पैसे घेई, हेही उघड आहे. मोठ्या तांड्यावर हा मेहनताणा विभागला जाऊन नगण्य होई. एकट्या बैलावर तो जड जाई. ठरीव शुल्क नेहमी लहानावर अधिक पडते, हा नियम पुढील उदाहरणात पुन्हा भेटेल.

४. अंतर्गत जकातीचा शेवट

मालाच्या वाहतुकीवरील अंतर्गत जकाती मुंबई इलाख्यात १८३८ च्या कायद्याने उठवण्यात आल्या. घाटात उरला तो पथकर. जकात आणि पथकर ह्यांतील भेद विद्यार्थ्यांनी विसरू नये : जकात मालावर असते, पथकर रस्त्याच्या उपयोगाबद्दल असतो. आज द्रुतगती मार्गावर खालापूरच्या नाक्यावर जो घेतला जातो तो पथकरच होय. पुढे कल्याणकडून आलेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढ पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडली गेली. तांड्यांचा घाटातील धंदा त्यानंतर आटत गेला. जकातीची ठाणी त्याआधीच उठली होती.

तथापि कर उठला म्हणजे भार उठला असे होत नाही. जकातीचे बुडालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी सरकारने मिठावरील कराकडे धाव घेतली. १८४४ मध्ये तो वाढवला जाताच सुरतेस दंगल उसळली. नाक्यावरचा दृश्य कर जाऊन किमतीत दडलेला अदृश्य कर आला. तसेच माफीच्या कागदाचा गैरवापर काय करू शकतो ह्याचे उदाहरण बंगालचे आहे. प्लासीनंतर कंपनीच्या नोकरांनी दस्तकाचा आधार घेऊन आपला खाजगी व्यापार विनाजकात चालवला. देशी व्यापारी बुडू लागले. अखेर १७६३ मध्ये मीर कासीमने जकातच सर्वांना माफ केली आणि त्यातून युद्ध उद्भवले.

५. युरोपातील पत्ते

आता दुसऱ्या उदाहरणाकडे वळू. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत आणि ‘पोकेमॉन’चे पत्ते १९९६ मध्ये जपानात निघाले. अशा पत्त्यांचे नवे संच ठरावीक दिवशी बाजारात येतात, मर्यादित प्रती लवकर संपतात आणि संग्राहक ते परदेशातून मागवतात. पत्त्यांवरील कर युरोपास नवा नाही. इंग्लंडात खेळण्याच्या पत्त्यांवर कर असे आणि तो भरल्याची खूण दीर्घकाळ इस्पिकच्या एक्क्यावर छापली जाई. १९६० मध्ये तो रद्द झाला. त्या पद्धतीचा एक गुण होता : कर एकदाच, कारखानदाराकडून वसूल होई आणि भरल्याचा पुरावा वस्तूवरच राही.

युरोपीय संघाचे अंतर्गत सीमाशुल्क १९६८ मध्ये संपले आणि १९९३ पासून एकसंध बाजारपेठ सुरू झाली. म्हणून जपानचा संच हॉलंडातील व्यापाऱ्याने रीतसर आयात केला, की तो जर्मनीतील ग्राहकापर्यंत जाताना वाटेत पुन्हा नाका नाही. मात्र ग्रेट ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून ह्या कुंपणाबाहेर आहे. लंडनच्या दुकानातून बर्लिनला येणारे पार्सल आता टोकियोहून येणाऱ्या पार्सलासारखेच आयात ठरते.

बाहेरून येणाऱ्या मालावर मूल्यवर्धित कर बसतो. जर्मनीत त्याचा सामान्य दर शेकडा १९ आहे. पूर्वी २२ युरोपर्यंतच्या पार्सलास ह्या करातून सूट होती. ती १ जुलै २०२१ पासून रद्द झाली. त्याच दिवशी १५० युरोपर्यंतच्या मालासाठी एक-खिडकी योजना अमलात आली. तिच्यात नोंदलेला विक्रेता विक्रीच्या वेळीच कर घेतो, आपला नोंदणी-क्रमांक पार्सलाच्या विवरणाबरोबर पाठवतो आणि सरकारास तोच जबाबदार राहतो. वाचकास येथे हुंडेकऱ्याची आठवण होईल, आणि ती यथार्थ आहे. विक्रेता नोंदलेला नसेल तर टपालखाते अथवा वाहतूक कंपनी दारात कर मागते आणि त्या कामाचे स्वतंत्र शुल्क लावते.

६. आकड्यांत

समजा, एका विद्यार्थ्याने जर्मनीत ४० युरोचा एक, असे तीन संच तीन वेळा मागवले. प्रत्येकाचा टपालखर्च १२ युरो आणि दारातील शुल्क ६ युरो धरू. हे टपाल व शुल्काचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. सीमाशुल्क तूर्त बाजूस ठेवू. आयातीच्या वेळी कर वस्तू व टपाल दोहोंच्या बेरजेवर बसतो. म्हणून प्रत्येक वेळी ५२ युरोवर ९.८८ युरो कर. तिहींचा एकूण खर्च २०३.६४ युरो. तेच तीन संच एकाच पार्सलात २० युरो टपालाने आणले, तर १४० युरोवर २६.६० युरो कर आणि एकदाच ६ युरो शुल्क, एकूण १७२.६० युरो. फरक ३१.०४ युरोचा. त्यात कराचा वाटा अवघा ३.०४ युरो आहे. उरलेले २८ युरो टपाल आणि शुल्क ह्यांचे. सरकारी दर तोच राहिला, तरी ग्राहकाचा भार हलला. विक्रेता एक-खिडकी योजनेत नोंदलेला असता, तर ते ६ युरोही वाचून खर्च १६६.६० युरोवर आला असता.

७. खरेदीपूर्वीचे प्रश्न

ह्यावरून ग्राहकाने आधी विचारावयाचे प्रश्न निष्पन्न होतात. पहिला : माल कोणत्या देशातून निघणार? दुकानाचा पत्ता संघातील असला तरी माल बाहेरून येऊ शकतो. संघात आधीच आयात झालेला संच थोडा महाग दिसला, तरी त्यात कर मिळवलेला असतो. दुसरा : दाखवलेल्या किमतीत कर आहे काय, आणि असल्यास नोंदणी-क्रमांक पार्सलाबरोबर जाणार काय? तो न गेल्यास दारात कर पुन्हा मागितला जातो. अशा वेळी विक्रीची पावती हाच पुरावा असतो, ती जपून ठेवावी. तिसरा : माल १५० युरोच्या वर जातो काय? ही मर्यादा टपालखर्च सोडून मालाच्या किमतीवर मोजली जाते. ती ओलांडल्यास विक्रीच्या वेळी कर घेण्याची ही योजना लागू होत नाही आणि सीमाशुल्काचीही गणना होते. लहान पार्सलांस असलेली सीमाशुल्काची माफी काढून घेण्याचा निर्णय संघाच्या मंत्रिपरिषदेने २०२५ मध्ये घेतला. सबब खरेदीच्या दिवशीचा नियम पाहणे अवश्य आहे. चौथा : मालाचे वर्णन काय लिहिले जाणार? आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात छापील चित्रे ४९ व्या प्रकरणात आणि खेळण्याचे पत्ते ९५ व्या प्रकरणात येतात. ‘कागदी वस्तू’ असे मोघम वर्णन खोळंब्यास निमंत्रण देते.

विकत घेतलेल्या मालावर ‘भेट’ असे लिहून घेण्याची युक्ती मात्र वर्ज्य समजावी. संघात खाजगी व्यक्तींमधील ४५ युरोपर्यंतच्या भेटीस माफी आहे. ती खऱ्या भेटीपुरती आहे. खोट्या दस्तकाने व्यापार चालवणाऱ्यांचा इतिहास वर आलाच आहे. व्यवहारतःही, किंमत कमी दाखवलेले पार्सल हरवल्यास भरपाई त्या कमी किमतीचीच मिळते.

हेच पार्सल कर्जतच्या पत्त्यावर मागवले तर रचना निराळी, तत्त्व तेच. भारतात सीमाशुल्काचे मूल्य धरताना वाहतूक व विमा मिळवला जातो, आणि त्यावर सीमाशुल्क चढवून झालेल्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर बसतो. म्हणजे करावर कर. परदेशाहून येणाऱ्या भेटवस्तूंना असलेली सर्वसाधारण सवलत डिसेंबर २०१९ मध्ये, राखी व जीवरक्षक औषधे वगळून, काढून घेण्यात आली. देशातल्या देशात मात्र मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी बंद झाल्यापासून बंदर ते घाटमाथा एकही जकातनाका उरलेला नाही.

८. निष्कर्ष

आयातकराचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी दरपत्रकावर खिळते. वरील दोन्ही उदाहरणे दाखवतात की, लहान ग्राहकाचे नुकसान पुष्कळदा दरामुळे होत नाही. वसुलीचे हात किती, रक्कम आधी कळते की नाही, आणि जबाबदार कोण, ह्यांवर ते अवलंबून असते. ज्या व्यवस्थेत हुंडेकरी मोठ्या तांड्यालाच परवडतो, ती व्यवस्था कायद्याने सर्वांस समान असूनही परिणामतः असमान ठरते. एक-खिडकी योजनेचे खरे महत्त्व हे की, तिने हुंडेकऱ्याची सोय एका संचाच्या ग्राहकासही उपलब्ध केली. परंतु विक्रेता नोंदलेला असेल तरच. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास ह्या विषयात रस वाटल्यास पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात घाटांवरील जकातीचे कागद पाहावेत, आणि एखाद्या जिनसावर बंदरापासून पुण्यापर्यंत बसणारा एकूण आकार मांडून पाहावा. नाक्यांची बेरीज केल्याखेरीज कराचे खरे ओझे कळत नाही.