अक्षर आणि आकडा, आपापल्या स्वराखाली

जुन्या मेस्तांच्या हातच्या वह्या चर्चच्या एखाद्या पेटीत पडून असणे, ही गोव्यात व बेळगावकडील धर्मग्रामांत काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. गोव्याच्या पारोकियाल शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या खेड्यांतील मुलांना सोलफा व व्हायोलिन शिकविले. त्या मुलांतूनच मेस्त निपजले, आणि मेस्तांनी रात्री दिव्याजवळ बसून गायकांसाठी स्वरलेखनाच्या वह्या उतरून काढल्या. आता कागद पिवळा पडला आहे, शाई पानाच्या पाठीवर फुटली आहे, आणि कोपरे कसरीने खाल्ले आहेत.

अशीच एक वही गेल्या वर्षी आमच्या हाती आली. तीतील चार गीते संगणकावर उतरवून पवित्र ख्रिस्तशरीराच्या सणापूर्वी गायकमंडळास स्वच्छ छापून द्यावीत, असे ठरले. आठ दिवसांचे काम म्हणून आम्ही ते पत्करले, आणि त्याला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाला तीच ठेच लागू नये, एवढाच या लेखाचा हेतू.

चार गीतांपैकी एक मोझार्टचे ‘आवे व्हेरुम कॉर्पुस’ होते. मोझार्टने हे अवघ्या 46 बारांचे गीत 1791 च्या जून महिन्यात, व्हिएन्नाजवळील बाडेन गावचे गायनप्रमुख आंटोन श्टोल यांच्यासाठी रचले. त्याच वर्षी 5 डिसेंबरला मोझार्टचा अंत झाला. मेस्तांनी त्यातील ऑर्गनच्या ओळीखाली बारीक आकडे लिहिले होते. आमच्या तरुण गायकांना ते बोटांचे क्रमांक वाटले. एकाने तर ते गाळूनच टाकावेत असे सुचविले. वस्तुतः त्या आकड्यांत अर्धे गीत लपलेले असते.

या पद्धतीस ‘फिगर्ड बास’ म्हणतात. 1600 साली रोम येथे छापलेल्या एमिलिओ दे काव्हालिएरी यांच्या संगीतनाट्यात ती आढळते. दोनच वर्षांनी, 1602 मध्ये, लुदोव्हिको व्हियादाना या फ्रान्सिस्कन संगीतकाराने थोड्या गायकांसाठी गीते रचून त्यांना ऑर्गनचा सलग बास जोडला. गायक एक-दोनच असले, तर अनेक आवाजांच्या गीतांतले काही आवाज गाळून गावे लागत, आणि गीत लंगडे होई. ती उणीव ऑर्गनने भरून काढावी, हा त्याचा उद्देश. आपल्या लहान गायकमंडळांना ही अडचण चांगलीच परिचयाची आहे!

आकड्यांचे गणित अवघड नाही. कागदावर फक्त सर्वांत खालचा स्वर लिहिलेला असतो. त्यावर कोणते स्वर धरावयाचे ते आकडा सांगतो. आकडा नसेल, तर तिसरा व पाचवा स्वर गृहीत धरावा. खाली दो असेल, तर दो, मी, सोल. खाली मी असून 6 लिहिले असेल, तर मीपासून मोजून तिसरा सोल व सहावा दो घ्यावयाचा. सोलखाली 4 व पुढे 3 असेल, तर आधी दो धरावा आणि मग तो तीवर उतरवावा. पुष्कळ गीतांच्या शेवटी जिवाला चटका लावणारा जो उतार येतो, तो बहुधा याच दोन आकड्यांचा असतो.

आता संगणकाकडे वळू. आम्ही ‘म्यूझस्कोर’ नावाचा कार्यक्रम वापरला. तो विनामूल्य मिळतो. प्रथम आमच्या हातून जी चूक झाली ती सांगणे बरे. स्वर भरून झाल्यावर गीताचे शब्द आम्ही साध्या मजकुराप्रमाणे टंकले, आणि डोळ्यांच्या अंदाजाने स्वरांखाली सरकवून ठेवले. पान सुंदर दिसू लागले. दुसऱ्या दिवशी ध्यानात आले की, मध्ये दोन बार गळले आहेत. ते घातले मात्र, आणि सगळे स्वर पुढे गेले, शब्द जागच्या जागी राहिले. ‘आलेलुया’ विरामाखाली येऊन बसले!

यंत्राला डोळे नसतात. कोणते अक्षर कोणत्या स्वराचे, हे आपण सांगितल्यावाचून त्याला कळत नाही. यासाठी शब्दांची रीत वेगळी आहे. पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एल या कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे अक्षर त्या स्वराला बांधले जाते. शब्द संपला की मोकळ्या जागेची कळ. शब्द अपुरा असेल तर जोडरेघेची. ‘आ-ले-लु-या’ असे चार तुकडे टंकले की चार स्वरांखाली ते आपोआप जाऊन बसतात. शेवटचे ‘या’ तीन-चार स्वरांवर लांबवावयाचे असेल, तर खालच्या रेघेची कळ तितक्या वेळा दाबावी. हे विसरल्यास पुढचा शब्द लवकर येतो, आणि तेथून शेवटपर्यंत सारेच चुकते. अक्षरे अशी बांधल्यावर बार घाला किंवा काढा, ती आपल्या स्वराबरोबर चालतात.

मराठी गीतांत एक प्रश्न आणखी उभा राहतो. ‘स्वर्गात’ हा शब्द तीन स्वरांवर कसा तोडावा? जिव्हा ‘स्वर्‌-गा-त’ म्हणते; लेखणी ‘स्व-र्गा-त’ लिहिते. शिवाय बोलताना ‘देव’ हा एकाच झटक्यात उच्चारला जातो, पण गाताना त्याच्या ‘व’ला कित्येकदा स्वतंत्र स्वर मिळतो. आम्ही डोळ्यांना सवयीची असलेली लेखणीची रीत ठेवली. कोणी दुसरी ठेवील, तर तीही चुकीची नव्हे. मात्र एका पुस्तकात एकच रीत असावी. अक्षरांचा देवनागरी ठसा संगणकात आहे ना, तेही आधी पाहावे. नाहीतर शब्दांच्या जागी रिकामे चौकोन छापले जातात.

आकड्यांसाठी बासचा स्वर निवडून कंट्रोल आणि जी दाबावयाचे. एकाखाली एक दोन आकडे हवे असल्यास मध्ये एंटरची कळ दाबावी. तीव्र स्वराची खूण, कोमलासाठी इंग्रजी बी व शुद्धासाठी एच टंकले की योग्य चिन्ह उमटते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एकच: आकड्यालाही काळ असतो. खालचा सोल दोन मात्रांचा असून 4 एका मात्रेवर व 3 दुसऱ्या मात्रेवर येत असेल, तर स्वर एक पण आकडे दोन, आणि प्रत्येकाचा काळ निराळा सांगावा लागतो. ‘लिलीपाँड’ नावाच्या दुसऱ्या विनामूल्य कार्यक्रमात तर प्रत्येक आकड्यापुढे त्याचा काळ लिहिण्याचीच सोय आहे. आम्ही प्रथम 4 आणि 3 एकाच जागी कोंबले. सरावाच्या वेळी ऑर्गनवरील मुलीने ते एकदम दाबले, तेव्हा झालेल्या कर्कश आवाजाने सारे गायक हसले. मेस्तांच्या वहीत मात्र त्या दोन आकड्यांमध्ये बोटभर अंतर होते. ते अंतर आम्ही हस्ताक्षराचा ढिसाळपणा समजलो होतो. ते त्यांचे ज्ञान होते.

म्हणून आमची पहिली विनंती: उतरवून झाले तरी मूळ वही टाकू नये. दुसरी विनंती: एकाच कार्यक्रमावर विसंबू नये. ‘फिनाले’ हा कार्यक्रम सुमारे 35 वर्षे जगभरच्या संगीतकारांनी वापरला. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या निर्मात्यांनी तो पुढे न वाढविण्याचे जाहीर केले. ज्यांनी आपली गीते ‘म्युझिक एक्स-एम-एल’ या, अनेक कार्यक्रमांना वाचता येणाऱ्या रूपातही ठेवली होती, त्यांना दुसरीकडे जाणे सोपे गेले. तशी एक प्रत ठेवावी, आणि कागदावर छापलेली एक निराळ्या घरी ठेवावी.

तिसरी विनंती कुटुंबांना आहे. हे काम एकट्याचे नव्हे. आमच्याकडे शेवटी असे झाले की, आजोबा वही पाहून गुणगुणत, नात टंकीत असे, आणि तिची आई छापलेल्या पानावर बोट ठेवून ताडून पाही. तिघांच्या त्या बैठकीत जितक्या चुका सापडल्या, तितक्या आम्हांला एकट्याने महिन्याभरात सापडल्या नव्हत्या.

सणाच्या दिवशी ‘आवे व्हेरुम’ गाइले गेले. शेवटास ऑर्गनवर चौथा स्वर क्षणभर थांबला आणि तिसऱ्यावर अलगद उतरला. पुढच्या बाकावर बसलेल्या आजोबांनी मान हलविली. त्यांनी बालपणी मेस्तांच्या हाताखाली हेच गीत म्हटले होते.